बाथरूमच्या चौकटीतला भुंगेरा

मोठे शोध लागताना मोठी माणसं कुठे बसलेली असतात, याच्या हकिकती एकंदरीत शोभिवंत असतात. इन्स्पेक्टर त्या वेळी बाथरूममध्ये होते. डोळ्यांत साबण गेला होता, तांब्या सापडत नव्हता आणि म्हणून ते खिडकीच्या चौकटीवर हाताने चाचपडत होते. तांब्या मिळाला नाही. बोटांना काहीतरी गार, मऊ, कानाच्या पाळीसारखं लागलं. इन्स्पेक्टर ओरडले.

"काय झालं हो?" बाहेरून बायकोने विचारलं.

"खिडकीला कान फुटलाय!"

मग आवाज आला, "आधी साबण धुवा. मग बघा."

साबण धुतल्यावरही तो कानच होता. लाकडी चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे लाकूड फुगून काळं पडलं होतं, तिथून एक तपकिरी अळंबी बाहेर आली होती. वर मखमल, खाली सुईने टोचल्यासारखी बारीक भोकं. नीट बघितलं तर एक नव्हे, चार-पाच. खिडकी ऐकायला बसल्यासारखी दिसत होती.

इथे एक खुलासा करायला हवा. इन्स्पेक्टर म्हणजे पोलीस नव्हेत. ते वजनमापे खात्यातले. नुसतं 'इन्स्पेक्टर' म्हटलं की समोरचा माणूस खुर्चीत सावरून बसे, आणि 'वजनमापे' म्हटलं की पुन्हा रेलून बसे. त्या दोन शब्दांच्या मधला जो काही अर्धा क्षण होता, त्याच्यावर इन्स्पेक्टरांनी अख्खी नोकरी काढली होती.

खिडकीला कान फुटण्याचं कारण वरच्या मजल्यावर राहत होतं. तिथे हेडबाई असत. मुलींच्या एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, ताठ कण्याच्या, एकट्या. त्यांच्या बाथरूमचं पाणी भिंतीतून वाट काढत इन्स्पेक्टरांच्या खिडकीवर ठिबकायचं. इन्स्पेक्टर लेखी तक्रार करत. सरकारी माणसाचा तोंडी तक्रारीवर विश्वास नसतो. तक्रार वर जाई आणि दोन-चार दिवसांनी खाली येई, लाल शाईने तपासून. 'सदरहू गळतीमुळे आमची अतोनात गैरसोय होत असुन' यातल्या 'असुन'चा उकार दीर्घ केलेला, 'अतोनात'खाली रेघ, समासात 'अतिशयोक्ती टाळावी' आणि तळाशी 'आशय ठीक. मांडणीकडे लक्ष द्यावे.' गळतीबद्दल अवाक्षर नाही. शेवटच्या तक्रारीला दहापैकी सहा गुण होते. इन्स्पेक्टर संतापले, पण मागच्या खेपेपेक्षा एक गुण जास्त आहे, हे त्यांच्या लक्षात आल्याशिवाय राहिलं नाही. त्यानंतर मात्र दोन्ही मजल्यांचं बोलणं बंद झालं होतं. जिन्यात गाठ पडली की हेडबाई छताकडे बघत आणि इन्स्पेक्टर पायऱ्या मोजत.

अळंबीची बातमी मजल्यावर पसरायला वेळ लागला नाही. समोरच्या घरात केमिस्ट राहायचे. त्यांचं औषधाचं दुकान होतं आणि मजल्यावरचा एकमेव टेलिफोन त्यांच्या दिवाणखान्यात होता, त्यामुळे कुठल्याही विषयावर बोलण्याचा पहिला हक्क त्यांचा. "रॉकेल ओता," ते म्हणाले. खालच्या विमा एजंटनी टर्पेंटाइन सुचवलं आणि जाता जाता विम्याबद्दलही सुचवलं. कुणी म्हणालं चुना, कुणी म्हणालं मीठ. सगळा सल्ला एकत्र केला असता तर खिडकीचं लोणचं झालं असतं.

पण ती अळंबी कुणी तोडली नाही, त्याला कारण इन्स्पेक्टरांची बायको. चौकटीखालच्या कट्ट्यावर रोज सकाळी तपकिरी पिठासारखा भुसा सांडलेला असायचा आणि ती तो रोज पुसायची. एके दिवशी फडकं हातात धरून ती तशीच उभी राहिली.

"अहो, इकडे या जरा. या भुशाला पाय आहेत."

इन्स्पेक्टर खात्याचं भिंग घेऊन आले. व्यापाऱ्यांच्या मापांवरच्या रेघा तपासायला ते मिळालेलं होतं. त्यांनी कट्ट्यावर वाकून बघितलं आणि बराच वेळ सरळ झालेच नाहीत. तिळाहून लहान, चकचकीत, पिंगट रंगाचा एक भुंगेरा कट्ट्यावरून चालला होता. त्याच्या डोक्यावर दोन शिंगं होती. एवढ्याशा जिवाला दोन व्यवस्थित, सारख्या मापाची शिंगं! समोरून दुसरा आला. दोघे थांबले, डोक्याला डोकं लावलं, आणि एकाने दुसऱ्याला मागे रेटत रेटत कट्ट्याच्या कडेपर्यंत नेलं.

"काय दिसतंय?" बायकोने विचारलं.

"भांडतायत," इन्स्पेक्टर कुजबुजले. त्यांचा आवाज एकदम लहान मुलासारखा झाला होता.

मुलगी शिकायला परगावी गेल्यापासून त्या घरात संध्याकाळी फारसं काही घडत नसे. दोघं जेवत, रेडिओ ऐकत, नळ नीट बंद झाला की नाही बघत. आता इन्स्पेक्टर कामावरून आले की चपला काढायच्या आत बाथरूममध्ये जाऊ लागले. प्रकृतीची चौकशी करायला केमिस्टकाकू येऊन गेल्या.

इन्स्पेक्टरांना पहिल्यांदा सुचलं ते त्यांच्या धंद्याला धरूनच होतं. त्यांनी एक भुंगेरा काड्यापेटीतून कचेरीत नेला आणि सोनारांची वजनं तपासायच्या नाजूक काट्यावर ठेवला. काटा हलला नाही. दुसरा ठेवला. काटा हलला नाही. हेडक्लार्क मागे येऊन उभे होते, त्यांनी चष्मा पुसला आणि निकाल दिला, "खात्याच्या दृष्टीने हा प्राणी अस्तित्वातच नाही."

झालं. सबंध आयुष्य दुसऱ्यांचा माल मोजण्यात गेलेल्या माणसाला पहिल्यांदा स्वतःचं काहीतरी सापडलं होतं आणि हेडक्लार्क ते अस्तित्वातच नाही म्हणून सांगत होते! इन्स्पेक्टरांच्या मानी मनाला ते लागलं. त्यांनी रजेचा अर्ज टाकला, अळंबीचा एक कान कापून डब्यात घातला आणि शहरातलं प्राणिसंग्रहालय नव्हे, मेलेल्या प्राण्यांचं जे मोठं संग्रहालय असतं, ते गाठलं.

फाटकावरच्या पहारेकऱ्याने डबा उघडून बघितला आणि पासवर लिहिलं, 'अळंबी, नग एक.' पहिल्या मजल्यावर बुरशी विभाग होता. तिथल्या गृहस्थांनी डब्यात बघून नाक मुरडलं.

"हिला किडे लागलेत."

"तेच दाखवायचेत."

"मग कीटक विभाग. तिसरा मजला."

तिसऱ्या मजल्यावरच्या कारकुनाने डब्यात बघितलं आणि खुर्ची मागे सरकवली. "ही बुरशी आहे. बुरशी या मजल्यावर आणता येत नाही. आमच्या नमुन्यांना लागते."

"अहो, पण भुंगेरे तिच्या आत आहेत."

"बाहेर काढून आणा."

"बाहेर काढले की पळतात."

"म्हणजे तुम्ही पळणारे किडे आणलेत? मेलेले नाहीत?" कारकून उभाच राहिला. "इथे जिवंत काही आणायचं नाही, साहेब."

त्याच्याकडे बघून हे पटण्यासारखं होतं. इन्स्पेक्टर खाली आले, पुन्हा वर गेले, पुन्हा खाली आले आणि शेवटी दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर डबा मांडीवर घेऊन बसले. त्या मजल्यावर हाडं असत. हाडवाल्यांचा अळंबीशी किंवा भुंगेऱ्यांशी काहीच संबंध नसल्यामुळे तिथून त्यांना कुणी उठवलं नाही.

तेवढ्यात चहाचा कप हातात घेऊन एक बाई जिना उतरत आल्या. विस्कटलेले केस, अंबाड्यात पेन्सिलीच्या जागी रंगाचा बारीक कुंचला खोचलेला. त्यांनी सहज डब्यात डोकावून बघितलं, कप पायरीवर ठेवला आणि इन्स्पेक्टरांच्या शेजारी चक्क बसकण मारली.

"कुठे मिळालं?"

"बाथरूममध्ये."

"कुणाच्या?"

"माझ्या," इन्स्पेक्टर म्हणाले, आणि आयुष्यात प्रथमच 'इन्स्पेक्टर' न सांगता समोरचा माणूस त्यांच्यासमोर सावरून बसला.

या बाई भुंगेऱ्यांच्या तज्ज्ञ होत्या. पुढे इन्स्पेक्टरांच्या बायकोने त्यांचं नाव 'भुंगेताई' पाडलं आणि ते त्यांना आवडलंही. त्यांनी सांगितलं, की अळंबीत जन्मून अळंबीतच मरणाऱ्या भुंगेऱ्यांचं एक घराणं आहे. त्यातला हा कोण, ते माद्यांवरून कळत नाही. माद्या सगळ्या सारख्याच दिसतात. नर हवेत, शिंगं शाबूत असलेले. आणि शिंगांवरूनही खात्री होत नाही; नराला पाण्यात भिजवून, उघडून, त्याचा एक अगदी खाजगी अवयव काचेवर मांडून बघावा लागतो. इन्स्पेक्टरांनी भिंतीकडे बघत मान हलवली.

"मला शंका वेगळीच येतेय," भुंगेताई म्हणाल्या. "गेल्या वर्षी लांबच्या एका जंगलात, पडलेल्या एका झाडावर, एक नवीन जात मिळाली. तिचं वर्णन नुकतंच छापून आलंय. त्यानंतर ती कुणाला कुठेच दिसलेली नाही. तोच हा असेल तर... पण असं घाईने म्हणायचं नाही. आणखी नर पाहिजेत. अळ्या पाहिजेत. ही अळंबी तिथल्या तिथे वाढू द्या. वाळू देऊ नका. वरून पाणी येतं ना?"

"येतं! त्याचीच तर—"

"येऊ द्या," भुंगेताई म्हणाल्या.

परतताना फाटकावर नवंच घोडं अडलं. पासवर अळंबी एक नग आत गेलेली होती. बाहेर यायलाच हवी होती, आणि ती तर तिसऱ्या मजल्यावर भिंगाखाली होती. शेवटी भुंगेताई स्वतः खाली आल्या, चिमटीभर तुकडा मोडून त्यांनी डब्यात टाकला आणि तो 'नग एक' म्हणून बाहेर पडला. सबंध नोकरीत मापातली घट इन्स्पेक्टरांनी निमूटपणे चालवून घेतली ती ही एकदाच.

ते घरी पोचले तर जिन्यात पाना-पकडींची पिशवी घेऊन प्लंबर वर चढत होता.

"कुठे?"

"वरच्या बाईंकडे. गळती काढायची आहे म्हणाल्या."

कित्येक महिने ज्या क्षणाची वाट बघितली तो असा आला. इन्स्पेक्टर प्लंबरला ओलांडून दोन-दोन पायऱ्या चढत वर गेले आणि दार वाजवलं. हेडबाईंनी दार उघडून छताकडे बघितलं.

"बाई," धापा टाकत इन्स्पेक्टर म्हणाले, "गळती दुरुस्त करू नका."

हेडबाईंची नजर छतावरून हळूहळू खाली आली. "लेखी आहे का?"

इन्स्पेक्टरांनी तिथेच, दाराच्या चौकटीला कागद लावून लिहिलं: 'सदर गळती कृपया पुढील सूचनेपर्यंत चालू ठेवावी, ही विनंती.' हेडबाईंनी ते दोनदा वाचलं. "एकही चूक नाही," त्या म्हणाल्या. "पण अर्थ लागत नाही. कारण?"

कारण सांगण्यापेक्षा दाखवणं सोपं होतं. हेडबाई खाली आल्या. प्लंबर मागून आला. इन्स्पेक्टरांच्या बायकोने बाथरूममधली बादली बाजूला सारली, स्टूल पुसून दिलं. हेडबाईंनी स्टुलावर बसून भिंग डोळ्याला लावलं. वरून एक थेंब पडला. हेडबाईंच्या खांद्यावर पडला. त्यांनी तो पुसला नाही.

"कीटकाला सहा पाय असतात, असं मी आयुष्यभर फळ्यावर काढत आले," शेवटी त्या म्हणाल्या. "मोजून आज बघितले." मग प्लंबरकडे वळून, "तुम्ही या आता."

"पण बाई, गळती?"

"तिला मुदतवाढ मिळाली आहे."

त्या दिवसापासून त्या घराला वेगळीच कळा आली. हेडबाई संध्याकाळी खाली येऊ लागल्या. येताना स्वतःची उशी आणत, कारण स्टूल टणक होतं. इन्स्पेक्टर बादलीवर फळी टाकून बसत आणि बायको दारात उंबऱ्यावर, मांडीत निवडायचं काहीतरी घेऊन. कोण कुठल्या भोकातून बाहेर आलं, कोण कुणाशी भांडलं, याची चर्चा चाले. एका शिंग मोडलेल्या नराला हेडबाईंनी 'पेन्शनर' नाव दिलं होतं. तो सगळ्यांशी भांडायला जाई आणि सगळ्यांकडून हरे. दिवा मंद हवा म्हणून इन्स्पेक्टरांनी बल्बाला तपकिरी कागद गुंडाळला होता. त्या उजेडात ओल्या भिंतीसुद्धा चांगल्या दिसायच्या. बोलता बोलता गोष्टी भुंगेऱ्यांवरून माणसांवर यायच्या. हेडबाईंना गाता यायचं, हे तिथेच कळलं. इन्स्पेक्टरांच्या बायकोला शाळेत चित्रकलेत बक्षीस मिळालं होतं, हे इन्स्पेक्टरांना इतक्या वर्षांनी तिथेच कळलं. तिने एका सकाळी भुंगेऱ्याचं चित्र काढलं, हिशेबाच्या कागदामागे, शिंगांसकट. हेडबाईंनी त्यात काहीही दुरुस्त केलं नाही.

अर्थात सगळंच गोड नव्हतं. इन्स्पेक्टरांनी बाथरूमला नियम लावले होते. कढत पाणी घ्यायचं नाही, वाफेने अळ्या दगावतील. साबण उडवायचा नाही. फुटकी खिडकी बंद करायची नाही. बायको गार वाऱ्यात, गार पाण्याने, कोपऱ्यात अंग चोरून आंघोळ करी आणि बाहेर येऊन म्हणे, "या घरात शिंगं असल्याशिवाय किंमत नाही." पण ठिबकून भरलेली बादली तीच रिकामी करी, कोरडं पडलेल्या दिवशी अळंबीवर हाताने पाणी शिंपडी आणि बाहेर पडून उलटे झालेले भुंगेरे काडीने सरळ करून परत जागेवर ठेवी. इन्स्पेक्टर निरीक्षण करीत. संसारात निरीक्षण आणि काम यांची वाटणी अशीच झालेली असते.

घात टेलिफोनने केला. भुंगेताईंचा फोन केमिस्टांकडे यायचा आणि इन्स्पेक्टर भरल्या दिवाणखान्यात उभं राहून उत्तरं द्यायचे. "हो, पिल्लं भरपूर झालीत... नाही नाही, औषध अजिबात मारलेलं नाही... भिंतीत? हो, आता भिंतीतही असतील." केमिस्टकाकू सुपारी कातरता कातरता थांबल्या. दुसऱ्या दिवशी अख्ख्या इमारतीला माहीत झालं, की इन्स्पेक्टर घरात किडे पोसतात आणि हेडबाई त्यांना सामील आहेत.

सोसायटीचे सेक्रेटरी गरीब स्वभावाचे होते, पण हातात नियमावली आली की त्यांना स्वभाव आवरत नसे. एके दिवशी दुपारी ते दारात उभे राहिले. मागे पाठीवर टाकी बांधलेला, नळी हातात घेतलेला फवारणीवाला. त्यांच्या मागे केमिस्ट, विमा एजंट आणि काही कामाशिवायचे लोक.

"लाकडाला कीड लागली तर सगळ्या इमारतीची दारं-खिडक्या जातील," सेक्रेटरी म्हणाले. "समितीने ठराव केलाय. पाच मिनिटांचं काम आहे."

"हे भुंगेरे लाकूड खात नाहीत, अळंबी खातात," इन्स्पेक्टर दारात हात पसरून म्हणाले.

"आणि अळंबी काय खाते?"

ह्या प्रश्नाचं खरं उत्तर अडचणीचं होतं. इन्स्पेक्टरांनी वैज्ञानिक महत्त्व समजावून सांगायला सुरुवात केली; पण 'जगात जवळजवळ कुठेच न सापडणारा किडा' हे वाक्य ऐकून लोक कळवळतील अशी त्यांची समजूत होती, तर उलट लोक दोन पावलं मागे सरकले. फवारणीवाल्याने मात्र नळी वर केली आणि तो इन्स्पेक्टरांच्या काखेखालून आत शिरला.

तो बाथरूमपाशी पोचला आणि दाराची कडी आतून लागल्याचा आवाज झाला.

"आत कोण आहे?" सेक्रेटरींनी विचारलं.

"मी," आतून हेडबाईंचा आवाज आला. इन्स्पेक्टरांची बायको स्वयंपाकघराच्या दारात अगदी निष्पाप चेहऱ्याने उभी होती. मागच्या जिन्याने हेडबाईंना तिनेच आणून आत पोचवलं होतं. "मी आंघोळ करते आहे."

"बाई, हे तुमचं बाथरूम नाही."

"माझं गळतं. त्याच्या लेखी तक्रारी आहेत ना? मग इतके दिवस मी कुठे आंघोळ करावी, याबद्दल समितीने काही ठराव केला आहे का?"

सेक्रेटरींनी नियमावली उघडली. तिच्यात पाळीव प्राणी होते, वाळत घातलेले कपडे होते, जिन्यात ठेवलेल्या सायकली होत्या. शेजाऱ्याच्या बाथरूममध्ये कडी लावून बसलेल्या सत्तरीच्या मुख्याध्यापिकेबद्दल काहीच नव्हतं. "किती वेळ लागेल?" त्यांनी अदबीने विचारलं.

"मी सावकाश करते."

आणि खात्री पटावी म्हणून हेडबाई आतून गाऊ लागल्या. जुनं, संथ, पुष्कळ कडव्यांचं गाणं. आवाज चिरकला होता, पण सूर पक्का. ओल्या भिंतींत तो घुमायला लागला. फवारणीवाल्याने टाकी उतरवून ठेवली आणि जमिनीवर बसला. केमिस्टकाकू समोरून ऐकायला आल्या त्या दारात थबकल्या. विमा एजंट भिंतीला टेकले. तिसऱ्या कडव्यापर्यंत सेक्रेटरींनी नियमावली मिटून काखेत धरली होती आणि कुणी मागे बोललं तर त्यालाच ते 'श्श्' करत होते. इन्स्पेक्टर बायकोकडे बघत होते. ती डोळे पुसत होती. हसून की कशाने, ते तिलाही सांगता आलं नसतं.

गाणं संपल्यावर दाराच्या फटीतून तह झाला. भुंगेऱ्यांचा हंगाम संपेपर्यंत फवारणी नाही. त्यानंतर गळती हेडबाईंनी काढायची, खिडकी इन्स्पेक्टरांनी बदलायची. मजकूर हेडबाईंनी आतून सांगितला, सेक्रेटरींनी बाहेर उभं राहून लिहून घेतला. मग त्या बाहेर आल्या, कोरड्या ठणठणीत, आणि उशी काखेत मारून वर निघून गेल्या.

निकालाचा फोन आला तेव्हा केमिस्टांच्या दिवाणखान्यात बसायला जागा नव्हती. इन्स्पेक्टरांनी घसा साफ केला. मनातल्या मनात त्यांनी ह्या प्रसंगाची तयारी केली होती. भुंगेऱ्याला आपलं नाव लागणार. 'छे छे, माझं कसलं नाव' असं दोनदा म्हणायचं आणि तिसऱ्यांदा मान्य करायचं.

"तोच आहे!" भुंगेताई पलीकडून ओरडल्या. "शिंगं जुळली, सगळं जुळलं. जंगलातल्या त्या झाडानंतर जगातलं दुसरं ठिकाण म्हणजे तुमचं बाथरूम!"

"वा! मग त्याचं नाव..."

"नाव आधीच ठेवलंय ना. त्या जंगलावरून."

"हो हो. जंगलावरूनच योग्य," इन्स्पेक्टर म्हणाले. मनातल्या मनात ते खुर्चीत बसले, कारण खरी खुर्ची रिकामी नव्हती.

"आता फक्त एक राहिलं. टाचणीखालच्या चिठ्ठीवर शोधणाऱ्याचं नाव लागतं. कुणाचं घालू? जागा एकाच नावापुरती आहे."

बुडत्याला काडी मिळाली. इन्स्पेक्टरांनी छाती पुढे काढली, तोंड उघडलं. समोरासमोरची दोन्ही दारं उघडी होती आणि तिथून त्यांना स्वतःचं घर आरपार दिसत होतं. बायको भरलेली बादली दोन्ही हातांनी उचलून मोरीकडे नेत होती. मधे थांबली, वाकली, जमिनीवरून काहीतरी बारीक बोटाच्या टोकावर घेतलं, डोळ्यांजवळ नेऊन बघितलं आणि बादली तिथेच ठेवून ते परत खिडकीपाशी सोडायला गेली.

इन्स्पेक्टरांनी आवाज उतरवून फोनमध्ये एक नाव सांगितलं. मग भुंगेताईंसाठी अक्षरन्‌ अक्षर सुटं करून सांगितलं.

केमिस्टकाकूंनी कान टवकारले. इतकी वर्षं शेजार, पण हे नाव त्यांनी कधीच ऐकलं नव्हतं. त्यांना फक्त 'वहिनी' माहीत होत्या. इन्स्पेक्टर फोनवर हळू आवाजात कुठल्याशा बाईचं नाव घेत होते, ही बातमी पुढे बरेच दिवस त्या इमारतीत फिरत होती. इन्स्पेक्टरांनी खुलासा केला नाही. आयुष्यात एकदा आपल्याबद्दल असा संशय घेतला जावा, हे त्यांना मनातून बरंच वाटलं असावं.

हंगाम संपला. सुताराने चौकट काढली आणि संग्रहालयाची हातगाडी येऊन ती कानांसकट घेऊन गेली. सगळी इमारत गॅलरीत उभी राहून बघत होती. नवी खिडकी बसली. ती उघडायची तेव्हा उघडे आणि लावली की लागे. तिच्याकडे बघण्यासारखं काही राहिलं नाही. हेडबाई त्यानंतरही संध्याकाळी खाली येत, फक्त आता बाहेरच्या खोलीत बसत. तिथे खुर्च्या मऊ होत्या, उजेड चांगला होता, आणि तरी कधीतरी बोलता बोलता तिघंही उगाचच बाथरूमच्या दाराकडे बघत. पुढे हेडबाई भाचीकडे राहायला गेल्या. निरोप घेताना त्या इन्स्पेक्टरांच्या बायकोचा हात हातात धरून कितीतरी वेळ नुसत्या उभ्या होत्या. पुढे कधीतरी भाचीचंच पत्र आलं. त्या दिवशी त्या घरात रेडिओ लागला नाही. मुलीला सुट्टीत येऊन हे सगळं ऐकताना आईबाबा आपली गंमत करतायत असंच वाटायचं. असेल. तेवढ्याशा बाथरूममध्ये तेवढी माणसं मावली होती, हे आता सांगताना खरं वाटत नाहीच.

इन्स्पेक्टर निवृत्त झाल्यावर एकदा दोघं संग्रहालयात गेली. भुंगेताईंचे केस आता पांढरे झाले होते. कुंचला तसाच होता. त्यांनी एक उथळ लाकडी खण बाहेर ओढला. रांगेने टाचण्या, प्रत्येक टाचणीवर कागदाचा इवलासा त्रिकोण, त्याच्या टोकावर एक पिंगट ठिपका. भुंगेताईंनी भिंग इन्स्पेक्टरांच्या हातात दिलं. त्यांनी ते बायकोकडे दिलं.

ती वाकली. आधी तिने शिंगं बघितली. मग टाचणीखालची चिठ्ठी. ओठ हलवत ती वाचत गेली आणि मधेच थांबली. पुन्हा सुरुवातीपासून वाचलं. इन्स्पेक्टर खिडकीबाहेर बघत उभे होते. तिने भिंग खाली ठेवलं, पदराने काच पुसली, पुन्हा उचललं. पुसण्यासारखं त्या काचेवर काही नव्हतं.

दोघं जिना उतरून, फाटकातून बाहेर पडून रस्त्याला लागली. ती नेहमीसारखी झपाझप पुढे निघाली. इन्स्पेक्टरांचे गुडघे हल्ली कुरकुरत. त्यांनी मागून तिला नावाने हाक मारली.

ती चालत राहिली. दुसरंच कुणीतरी दुसऱ्याच कुणाला बोलावत असावं असं तिला वाटलं असणार. मग चार पावलांवर ती थबकली आणि वळली. कान लाल झाले होते.

"चिठ्ठीपुरतं ठीक आहे हो," ती म्हणाली. "भर रस्त्यात काय! लोक बघतायत. 'अगं'च बरं."

लोक कुणीही बघत नव्हते. दोघं बसथांब्यापर्यंत गेली, बाकावर बसली. बस दिसत नव्हती. तिने पिशवी मांडीवर नीट ठेवली आणि समोरच्या रस्त्याकडे बघत राहिली.

"मघाशी काय म्हणालात?" तिने विचारलं. "मला नीट ऐकू आलं नाही."

इन्स्पेक्टरांनी पुन्हा हाक मारली.